इन्कोटर्म्स
आंतरराष्ट्रीय मालविक्री करारांत सुपूर्दगी, खर्च व जोखीम यांची विक्रेता आणि खरेदीदार यांच्यातील विभागणी ठरविणारा प्रमाणित नियमसंच. पॅरिसस्थित इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने तो १९३६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. २०२० च्या आवृत्तीत ११ नियम असून त्यांपैकी ७ सर्व वाहतूकप्रकारांना, तर ४ केवळ जलवाहतुकीला लागू आहेत. ‘एफओबी’ (फ्री ऑन बोर्ड) व ‘सीआयएफ’ (कॉस्ट, इन्शुरन्स अँड फ्रेट) या दोन नियमांत माल जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे जाते. ‘सीआयएफ’मध्ये मात्र गंतव्य बंदरापर्यंतचे भाडे व विमा विक्रेता भरतो (→ सागरी विमा). हे नियम सर्वसाधारणपणे करारात नियम, ठिकाण व आवृत्ती नमूद करून लागू केले जातात, उदा., ‘एफओबी न्हावाशेवा, इन्कोटर्म्स २०२०’. मालकीहस्तांतरण व करारभंगाचे उपाय त्यांच्या कक्षेबाहेर आहेत (→ मालविक्री अधिनियम, १९३०). देशपरत्वे होणारे अर्थभेद त्यांमुळे कमी होतात.