रद्दीतील चंद्रलोक

पोथी जीर्ण झाली तरी ती रद्दीत घालू नये, असा आपल्या घराघरांतून पाळला जाणारा दंडक आहे. पोथी बासनात बांधून देव्हाऱ्याजवळ ठेवावी, दसऱ्यास तिची पूजा करावी, आणि अगदीच हाती धरवेनाशी झाली म्हणजे वाहत्या पाण्यात सोडावी. हा आदर सर्वस्वी योग्यच आहे. परंतु ज्या ग्रंथांस कोणी पोथी म्हणत नाही, त्यांचे काय होते, हा प्रश्न आम्हांस गेली काही वर्षे सतावीत आहे. विशेषतः मराठीतील जुन्या विज्ञानकथांचे काय झाले, हे शोधताना आम्हांस जे आढळले, ते वाचकांपुढे मांडण्याचा येथे विचार आहे.

सुरत शहराच्या दक्षिण-पूर्व अंगास, उधना आणि लिंबायत यांच्या लगत नवागाम आहे. यंत्रमाग आणि कापडप्रक्रियेच्या कामानिमित्त खानदेशातून आलेली सहस्रावधी मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली आहेत. उधना-जळगाव लोहमार्गाने माणसे आली, तशी त्यांच्या ट्रंकांतून पुस्तकेही आली. मुले गुजराती वा इंग्रजी शाळांत जाऊ लागली की ती मराठी पुस्तके माळ्यावर चढतात, आणि घर बदलताना वजनकाट्यावर उतरतात. नवागामच्या रद्दीवाल्याकडे मराठी विज्ञानकथा सापडतात, त्या याच वाटेने.

सुरतेशी मराठी विद्येचा संबंध काही आजचा नव्हे. मराठीचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे 1844 मध्ये या शहरात स्थापन झालेल्या मानवधर्म सभेच्या संस्थापकांपैकी एक होते. दुर्गाराम मेहताजींसारख्या सहकाऱ्यांबरोबर भूतप्रेत, जादूटोणा आणि अंधसमजुती यांची त्यांनी जाहीर चिकित्सा आरंभिली. ज्या नगरीत मंत्रतंत्राचे दावे करणाऱ्यांस उघड आव्हान दिले गेले, त्या नगरीत विज्ञानकथेचा शोध घेणे आम्हांस अस्थानी वाटत नाही.

मराठी विज्ञानकथेची पहिली पावले शोधू गेल्यास आपण थेट कोचीस जाऊन पोहोचतो. तिरुमल देवस्थानामुळे कोची आपल्या कोकणीभाषी वाचकांस परिचित आहे. त्याच कोचीहून कृष्णाजी नारायण आठल्ये (1853–1926) यांनी 1886 मध्ये ‘केरळ कोकिळ’ हे मराठी मासिक सुरू केले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर सुरू झालेल्या या मासिकात 1900 साली ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे रूपांतर ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने येऊ लागले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आली. मराठीतील पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून अभ्यासक तिचा निर्देश करतात.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात हा प्रवाह रुंदावला. भा. रा. भागवतांनी (1910–2001) व्हर्नच्या कादंबऱ्या ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा नावांनी मुलांच्या हाती दिल्या. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ यांच्या जोडीस काढलेल्या ‘नवल’ मासिकाने अद्भुत आणि वैज्ञानिक कथांस हक्काची जागा दिली. द. पां. खांबेटे, गजानन क्षीरसागर, नारायण धारप (1925–2008) यांच्या लेखण्या याच काळातल्या. धारपांचे नाव भयकथांमुळे गाजले, परंतु ‘नेनचिम’सारखी त्यांची विज्ञानकादंबरी वाचणाऱ्यास त्यांची दुसरी बाजू दिसते. ही पुस्तके विकत घेऊन कपाटात ठेवणारे थोडे. गल्लीतल्या वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने नेणारे फार. त्यामुळे ती हातोहात फिरली, वाचली गेली, आणि झिजून संपली.

पुढे 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते विख्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाचे वजन निकालावर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी फिरवून टोपणनाव घेतले, आणि अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात पाठविली. याचीच विलक्षण पूर्वछाया बंगालात दिसते. 1896 मध्ये ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या उत्पादकाने घेतलेल्या कथास्पर्धेत जगदीशचंद्र बोस यांनी आपले नाव न देता कथा धाडली आणि पहिले पारितोषिक मिळविले. त्या कथेत समुद्रावरील वादळ तेलाच्या बाटलीने शांत होते! दोन थोर शास्त्रज्ञांनी स्वतःचे नाव झाकून या वाङ्मयाची पायरी चढावी, यात त्या वाङ्मयाचा गौरवच आहे.

असे असता ही मूळ पुस्तके आज सहज का मिळत नाहीत? आमच्या व्यवसायाच्या सवयीनुसार आम्ही प्रथम कायद्याकडे पाहिले. 1867 च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यान्वये मुद्रकाने छापलेल्या ग्रंथाच्या प्रती सरकारात भराव्यात, आणि सरकारने दर तिमाहीस ग्रंथांची यादी राजपत्रात प्रसिद्ध करावी, अशी व्यवस्था होती. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रकाशकावर अशी जबाबदारी टाकली की, प्रसिद्धीपासून तीस दिवसांच्या आत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि इतर तीन सार्वजनिक ग्रंथालयांस एकेक प्रत स्वखर्चाने पोहोचवावी. मात्र कसूर केल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर ग्रंथाची किंमत, इतकाच! दीड-दोन रुपयांच्या पुस्तकाच्या छोट्या प्रकाशकास या कलमाची धास्ती वाटावी असे त्यात काही नव्हते. कायदा पुस्तकाची नोंद मागतो. पुस्तकावर प्रेम करावयास तो कोणास लावू शकत नाही.

दुसरे कारण कागदाचे. हाती बनविलेल्या चिंध्यांच्या कागदावरील पोथी दोनतीनशे वर्षे टिकते. स्वस्त पुस्तकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातील द्रव्य हवा आणि प्रकाश लागताच पिवळे पडते, अंगचे आम्ल तंतू तोडते, आणि पन्नास वर्षांत पान चुरचुरीत होऊन दुमडताच मोडते. बांधणीची लोखंडी तार गंजून भोवतालचा कागद खाते. त्यात निसर्गाचा कोप. ऑगस्ट 2006 मध्ये तापीच्या महापुराने सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा तळमजल्यावरील कागदाचे किती नुकसान झाले असेल याची कल्पनाच करावी.

परंतु सर्व दोष कायद्यावर आणि पाण्यावर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एका शनिवारी नवागामातील एका रद्दीच्या दुकानात आम्हांस सुतळीने बांधलेला एक गठ्ठा दिसला. वरच्या पुस्तकास मुखपृष्ठ नव्हते, पण आत अवकाशयानाचे एक साधे रेखाचित्र आणि खानदेशातील एका वाचनालयाचा जांभळा शिक्का होता. पंधरावीस पुस्तके असावीत. हाती दुसरी पिशवी होती, ऊन मरणाचे होते. मंगळवारी येऊन नेऊ, असा विचार आम्ही केला. मंगळवारी गेलो तेव्हा ती जागा रिकामी होती. दुकानदार म्हणाला, “वकीलसाहेब, रद्दी काय कोणासाठी थांबते? सोमवारी टेम्पो येतो. तेव्हाच दहा रुपये टेकवले असते तर तुमचं नाव लिहून बाजूला ठेवलं असतं.” गठ्ठा कागदगिरणीत गेला होता. पक्षकारांस मुदतीचे महत्त्व पटवून देण्यात ज्यांचे आयुष्य चालले आहे, त्या आम्हीच मुदत चुकविली होती. त्या गठ्ठ्यात काय होते, हे आता कधीच कळावयाचे नाही. आणि जगातील शेवटची प्रत त्यात नव्हती, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. मुखपृष्ठ नाही म्हणून पुस्तक टाकावयाचे नाही; प्रथम आतील शीर्षकपान व प्रकाशकाचा पत्ता पाहावयाचा. वाचनालयाचे शिक्के खोडावयाचे नाहीत, कारण पुस्तक कोठे कोठे वाचले गेले याचा तोच पुरावा असतो. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावावयाची नाही. ती कागदास कायमचा डाग देते. पुस्तक सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावयाचे. म्हणजे शेवटी आपल्या आजीने पोथीसाठी जे केले, तेच!

आमची विनंती आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांस आहे. बहुतेक देवळांच्या सभागृहात एखादे कपाट असते, आणि त्यात स्तोत्रांची छापील पुस्तके असतात. त्याच कपाटाचा एक खण समाजातील घरांतून निघणाऱ्या जुन्या मराठी-कोकणी पुस्तकांसाठी राखून ठेवावा. जे ग्रंथालयांस हवे असेल ते त्यांस द्यावे, उरलेले मुलांस वाचू द्यावे. दसऱ्याच्या सरस्वतीपूजनात ज्ञानेश्वरीच्या शेजारी एखादे फाटके ‘चंद्रावर स्वारी’ ठेवल्याने देवीचा कोप होईल, असे आम्हांस वाटत नाही. आकाशातील ग्रहताऱ्यांकडे मुलांस मान वर करून पाहावयास लावणारे पुस्तक तिलाही आपलेच वाटेल.

आणि ज्यांच्या घरी या दिवाळीच्या साफसफाईत माळा उतरावयाचा आहे, त्यांनी गठ्ठा काट्यावर चढण्यापूर्वी सुतळी एकदा सोडून पाहावी. टेम्पो सोमवारी येतो.