एकच प्रोटीन, दोन रूपं

कोरोनाच्या लशींबद्दल आपण सगळ्यांनीच एवढं वाचलं, व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं फॉरवर्ड केलं, पण त्यामागची एक गोष्ट फारशी कुणी सांगितली नाही. ती सुरू होते १९६६ साली, अमेरिकेत.

लहान बाळांच्या छातीत कफ भरवणारा आरएसव्ही नावाचा एक विषाणू आहे. त्यावर लस तयार केली गेली. पद्धत जुनीच, पोलिओच्या सॉल्क लशीत यशस्वी ठरलेली: विषाणू फॉर्मेलिनने मारायचा आणि टोचायचा. पण त्या चाचणीच्या एका गटात लस घेतलेल्या ३१ बाळांपैकी २० जणांना पुढे लागण झाली, १६ बाळांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं, आणि दोन बाळं दगावली. आरएसव्हीची लस न घेतलेल्या गटात लागण झालेल्या २१ पैकी फक्त एकाला हॉस्पिटल गाठावं लागलं होतं. म्हणजे लशीने संरक्षण तर नाहीच, उलट आजार वाढवला! का? पुढची कित्येक वर्षं याचं नीट उत्तर मिळालं नाही.

उत्तराचं पहिलं टोक सापडलं ते भलत्याच विषाणूत, फ्लूमध्ये. फ्लूच्या विषाणूवर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रोटीनचे काटे असतात. ते विषाणूपासून सुटे करायला शास्त्रज्ञांनी वापरलं ब्रोमेलेन, म्हणजे चक्क अननसातलं एन्झाइम! १९८१ मध्ये इयन विल्सन, जॉन स्केहेल आणि डॉन वायली यांनी या काट्याची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. त्यात एक गंमत होती. प्रोटीनचा जो तुकडा पाण्याचा सर्वात जास्त तिटकारा करतो, तोच आत खोल लपवून ठेवलेला होता.

पाण्याचा तिटकारा म्हणजे काय? मिसळीच्या रश्श्यावरची तर्री आठवा. कितीही ढवळा, तेलाचे थेंब पुन्हा एकमेकांना जाऊन चिकटतात. प्रोटीनचे असे भाग एकतर आत दडतात, नाहीतर जवळपास कुठे चरबी मिळाली की तिच्यात घुसतात. आणि आपल्या पेशीचं आवरण चरबीचंच असतं.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, स्केहेल यांच्या गटाने दाखवलं की हेच काटे साध्या पाण्यात सुखाने विरघळून राहतात, पण पीएच ५ च्या आसपास आणला की रूप बदलतं, लपलेला तुकडा बाहेर येतो आणि काटे एकमेकांना चिकटायला लागतात. पेशी विषाणूला ज्या पिशवीत गिळते ती अशीच आंबट होत जाते. म्हणजे विषाणूला आपण आत पोचलो हे आंबटपणावरून 'कळतं'. १९९४ मध्ये बदललेल्या रूपाची रचनाही मिळाली. लपलेला तुकडा तब्बल १० नॅनोमीटर लांब फेकला जातो, म्हणजे विषाणूच्या रुंदीच्या साधारण दहावा भाग! ताणून ठेवलेला उंदराचा सापळाच म्हणा ना. आणि एकदा सुटला की परत ताणता येत नाही. आमच्या भाषेत, कोड तोच, एन्व्हायर्नमेंट बदललं की आउटपुट वेगळं, आणि रोलबॅक नाही.

आता आरएसव्हीकडे परत. त्याच्या एफ नावाच्या प्रोटीनला आंबटपणाही लागत नाही. ते इतकं नाजूक ताणलेलं असतं की आपोआपही सुटतं, उष्णतेने तर लवकरच. २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग वगैरे मंडळींनी त्याचं न सुटलेलं रूप पकडलं आणि बांधूनही ठेवलं. सर्वात प्रभावी अँटीबॉडीज नेमक्या याच रूपाला ओळखतात. २०१६ मध्ये दिसून आलं की फॉर्मेलिनच्या त्या जुन्या पद्धतीने केलेल्या लशीत हे रूप शिल्लकच राहत नाही. बाळांच्या शरीराला शिकवलं गेलं ते सुटून गेलेल्या सापळ्याचं चित्र! त्या दुर्घटनेचं हे एकमेव कारण नव्हतं, पण महत्त्वाचं नक्कीच होतं.

हीच युक्ती मग कोरोनाच्या स्पाइकवर चालली. प्रोलीन नावाचे दोन ताठ अमिनो आम्ल योग्य जागी बसवले की स्पाइक सहज सुटत नाही. फायझर आणि मॉडर्ना या दोन्ही लशींत ही पाचर आहे. आपल्या पुण्याच्या सीरममध्ये बनलेल्या कोवोव्हॅक्समध्येही आहे. कोविशील्डमध्ये ती नव्हती, तरी त्या लशीने असंख्य जीव वाचवले हेही खरं. तेव्हा पाचर म्हणजे सर्वस्व नव्हे.

आरएसव्हीसाठी मात्र तिच्यावाचून घोडं अडलं होतं. मे २०२३ मध्ये अमेरिकेत वृद्धांसाठी दोन लशींना मान्यता मिळाली, दोन्ही न सुटलेल्या रूपावर बेतलेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यातली एक गरोदर बायकांनाही देता यायला लागली, जन्मणाऱ्या बाळाच्या रक्षणासाठी. मधे ५७ वर्षं गेली.

ती दोन बाळं आज असती तर साठीच्या आसपास असती.