सुरक्षा-त्रुटींची सूचना आणि सूचकाचे स्थान : मुंबई 2010 ते आरोग्य सेतू 2020

संगणकप्रणालीतील सुरक्षा-त्रुटी सापडल्यास ती प्रथम कोणास कळवावी, याबाबत ओपन सोर्स अर्थात मुक्तस्रोत प्रणालींच्या क्षेत्रात एक संकेत रूढ झाला. त्रुटी आधी देखभाल करणाऱ्यांना खाजगीरीत्या कळवावी, दुरुस्तीस अवधी द्यावा व नंतर ती जाहीर करावी. ‘ओपनएसएसएल’मधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी गूगलमधील नील मेहता यांनी अशीच कळविली आणि 7 एप्रिल 2014 रोजी दुरुस्तीसह ती प्रसिद्ध झाली. मात्र 2012 पासून ती प्रसृत आवृत्तीत होतीच. संहिता खुली असली म्हणजे ती कोणी वाचतेच, असे नव्हे.

महाराष्ट्रात हा प्रश्न बंदिस्त संहितेच्या संदर्भात उभा राहिला. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत देशभर, म्हणजे वाशीम जिल्ह्यातील अनसिंगसारख्या गावीही, इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रे वापरली गेली. त्यांतील संहिता अभ्यासकांना उपलब्ध नव्हती. एप्रिल 2010 मध्ये हैदराबादचे अभियंता हरी प्रसाद व मिशिगन विद्यापीठाचे जे. अॅलेक्स हाल्डरमन आदींनी एका यंत्राची तपासणी करून त्रुटी प्रसिद्ध केल्या. प्रशासकीय सुरक्षाव्यवस्थेमुळे असा फेरफार प्रत्यक्षात शक्य नाही, अशी निवडणूक आयोगाची भूमिका होती. ते यंत्र मुंबईतील शासकीय ताब्यातून चोरीस गेले, या आरोपावरून 21 ऑगस्ट रोजी मुंबई पोलिसांनी प्रसाद यांना हैदराबादेत अटक केली. यंत्र देणाऱ्याचे नाव त्यांनी सांगितले नाही. आठवडाभराने त्यांना जामीन मिळाला.

यंत्र कोठून आले आणि त्यात दोष आहे काय, हे दोन भिन्न प्रश्न येथे एकमेकांत मिसळले. पहिल्याची चौकशी रास्तच होती. परंतु तिच्या गदारोळात दुसरा मागे पडला. मुक्तस्रोत प्रणालीत पहिला प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण संहिता मिळविण्यासाठी कोणाचे नाव लपवावे लागत नाही.

चालू यंत्रणेची तपासणी करणाऱ्यास मात्र हे संरक्षण नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये विनापरवानगी प्रवेशाबाबत सद्हेतूने त्रुटी शोधणाऱ्यासाठी अपवाद नाही. कलम 66 मध्ये अप्रामाणिक अथवा कपटी हेतूची अट 2008 च्या दुरुस्तीने आली, एवढाच काय तो दिलासा.

दहा वर्षांनी शासनानेच सूचकांना पाचारण केले. ‘आरोग्य सेतू’ 2 एप्रिल 2020 रोजी सुरू झाले. मेच्या आरंभी फ्रेंच अभ्यासक रोबेर बाप्तिस्त यांनी त्यातील त्रुटी मांडल्या, तेव्हा नागरिकांच्या माहितीस धोका नसल्याचे शासनाने सांगितले. तरीही 26 मे रोजी अँड्रॉइड आवृत्तीची संहिता खुली करून त्रुटी दाखविणाऱ्यास 1 लाख रुपयांपर्यंत बक्षीस जाहीर झाले. सर्व्हरची संहिता मात्र तेव्हा खुली करण्यात आली नव्हती.