शिशाचा शिक्का

लायडन हे हॉलंडातलं जुनं शहर. तिथं लोकरीचं कापड व्हायचं आणि सतराव्या शतकात त्या कापडाला युरोपभर मागणी होती. मी गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस. कामगारांच्या एका बैठकीसाठी आम्हा चौघांना त्या देशात बोलावलं होतं. मधे एक दिवस मोकळा मिळाला. बाकीचे बाजार बघायला गेले, मी लायडनची गाडी धरली. ज्या गावानं कापडावर पैसा केला, त्या गावानं कापड करणाऱ्याला कुठं ठेवलंय, एवढंच मला बघायचं होतं.

शहराच्या मधोमध एक टेकडी आहे. निसर्गाची नव्हे, माणसांनी माती टाकून रचलेली. तिच्यावर अकराव्या-बाराव्या शतकापासूनची गोल तटबंदी. तिला बुर्ख्त म्हणतात. खाली जुनी ऱ्हाईन आणि नवी ऱ्हाईन असे नदीचे दोन फाटे एकत्र येतात. सगळा मुलूख सपाट, म्हणून एवढ्याशा उंचीवरूनही छपरं, कालवे नि दोन मोठी चर्च नजरेत येतात. माती वाहणाऱ्यांची नावं तिथं नाहीत. ती कुठल्याच किल्ल्यावर नसतात, आपल्याकडेही नाहीत.

या शहराची मोठी गोष्ट म्हणजे १५७४ चा वेढा. स्पेनच्या राजाविरुद्ध हॉलंड उठलं होतं. स्पेनच्या फौजेनं १५७३ मध्ये शहर पहिल्यांदा वेढलं, मधे काही आठवडे सोडलं आणि १५७४ च्या मे महिन्यात पुन्हा वेढलं. आत दाणा संपला. हजारो माणसं भुकेनं नि रोगानं मेली. लोक शरण जायचं म्हणू लागले, तेव्हा महापौर व्हान डेर वेर्फ म्हणाला की माझा हात तोडून खा, पण दरवाजा उघडणार नाही, अशी दंतकथा आहे. शेवटी बंडवाल्यांनी बांध फोडले, पाणी शेताशिवारावर सोडलं आणि सपाट बुडाच्या होड्या त्या पाण्यावरून शहरापर्यंत आणल्या. ३ ऑक्टोबर १५७४ ला वेढा उठला. उपाशी लोकांना हेरिंग मासा नि पांढरा पाव वाटला. अजून दर वर्षी त्या तारखेला तोच मासा नि तोच पाव वाटतात.

महापौराचा पुतळा १८८४ मध्ये उभा केला. तो ज्या बागेत आहे त्या बागेखालीही एक गोष्ट आहे. १२ जानेवारी १८०७ ला बंदुकीच्या दारूनं भरलेलं जहाज इथल्या कालव्यात फुटलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली, घरंच्या घरं सपाट झाली. त्या मोकळ्या झालेल्या जागेत ही बाग आहे. पुतळ्यापुढं उभा राहून मला बांध फुटल्यावर ज्यांची उभी शेतं पाण्याखाली गेली ते कुणबी आठवत होते. शहर वाचलं ते त्यांच्या शेतावरून आलेल्या पाण्यानं. महापौराचा हात त्याच्या खांद्यावरच राहिला. यांचं पीक मात्र खरोखर गेलं. पुतळा हाताचा झाला.

ब्रेस्ट्राट नावाच्या मोठ्या रस्त्यावर नगरपालिकेचा वाडा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरची लांबच लांब दगडी दर्शनी भिंत. १९२९ मध्ये वाडा जळाला, दर्शनी भिंत तेवढी वाचली. मागचं सगळं नव्यानं बांधलेलं. तिथून पुढं रापेनबुर्ग कालव्याच्या काठी विद्यापीठाची जुनी इमारत. हे विद्यापीठ १५७५ चं, वेढ्यानंतर शहराला मिळालेलं. हॉलंडातलं ते सर्वांत जुनं. इमारत आधी जोगिणींच्या मठाची होती. तिच्यात एक लहान खोली आहे, तिला घामाची खोली म्हणतात. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत विद्यार्थी तिथं घाम पुसत बसायचे आणि पास झालेला आपलं नाव भिंतीवर लिहायचा. भिंती नावांनी भरल्यात. घाम गाळून भिंतीवर नाव लिहायचा हक्क या गावात कुणाला होता ते या खोलीनं सांगितलं. माझा सवाल विणणाऱ्याच्या घामाचा होता. म्हणून पुढं निघालो.

जवळच पीटर्सकर्क हे मोठं चर्च. त्यात जॉन रॉबिन्सन हा इंग्रज धर्मोपदेशक १६२५ मध्ये पुरला. इंग्लंडात राजाच्या चर्चशी पटेना म्हणून पळून आलेली इंग्रज मंडळी १६०९ पासून या गावात राहात होती. त्यातले कितीतरी जण कापडाच्या धंद्यात मजूर झाले. पुढं अमेरिकेत त्यांच्या वसाहतीचा गव्हर्नर झालेला विल्यम ब्रॅडफर्ड इथं कापड विणायचा. त्यानंच पुढं लिहून ठेवलंय की लायडनमध्ये आमची पोरं आईबापाचा भार उचलता उचलता कामानं वाकून गेली. गाव सोडायच्या कारणांत त्यानं हेही एक कारण दिलंय. १६२० मध्ये त्यातले काही जण अमेरिकेला गेले. अमेरिकेच्या इतिहासात त्यांची मोठी पूजा होते. पण ज्या किनाऱ्यावर ते उतरले तो वाम्पानोआग लोकांचा होता. जुलमातून पळालेला माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर मालक होऊन बसला. पळून आला म्हणून तो कायमचा आपला होत नाही, हे आपणही ध्यानात ठेवावं.

तिथून उत्तरेला एका चौकात फ्राउवेकर्क या चर्चचे पडके अवशेष आहेत. चर्च एकोणिसाव्या शतकात पाडलं. इथं फ्रेंच बोलणारे निर्वासित प्रार्थनेला यायचे. लायडनचं खरं भांडवल हेच. वेढ्यानंतर दक्षिणेकडच्या, म्हणजे आजच्या बेल्जियम नि उत्तर फ्रान्सकडच्या विणकरांनी स्पेनच्या जाचातून पळून लायडन गाठलं. त्यांनी हलक्या लोकरी कापडाची नवी कला आणली. १५८१ मध्ये शहरात सुमारे १२ हजार माणसं होती, १६२२ मध्ये ती सुमारे ४५ हजार झाली. चाळीस वर्षांत जवळजवळ चौपट. गाव मोठं केलं ते बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेल्यांनी. त्यांच्या नावानं पडकी भिंत उरली.

मग कालव्याकाठी आली लाकेनहाल, म्हणजे कापडाची कचेरी. १६४० ची ही इमारत एखाद्या सरदाराच्या वाड्यासारखी दिसते. विणून झालेला तागा इथं यायचा. तपासनीस लांबी-रुंदी, वीण, रंग बघायचे. माल पसंत पडला की शिशाचा शिक्का ठोकायचे. तो शिक्का बघून दूरच्या देशातला व्यापारी डोळे मिटून पैसे टाकायचा. शिक्क्यावर शहराची खूण. विणणाऱ्याच्या बोटांची ओळख त्या कापडावर कुणी लावली नाही. आज आमचा तागा तपासताना एक डाग निघाला तर माझा साचा नंबर लगेच सापडतो. माल चांगला निघाला की वर कंपनीचं लेबल लागतं. चारशे वर्षांत एवढाच फरक पडला.

ही कचेरी आता संग्रहालय आहे. आत इसाक व्हान स्वानेनबुर्ग या चित्रकाराची मोठी चित्रं आहेत, सोळाव्या शतकाच्या शेवटापासून सतराव्याच्या सुरुवातीपर्यंतची. लोकर धुणारे, निवडणारे, विंचरणारे, कातणाऱ्या बाया, ताणा काढणं, साच्यावर बसलेला विणकर, कापड तुडवणारे, रंगारी. मी तिथं बराच वेळ थांबलो. हात ओळखीचे वाटले. पण ही चित्रं काढून घेतली होती कापड-कचेरीच्या कारभाऱ्यांनी, आपल्या भिंतीसाठी. त्यांत कुणी दमलेलं नाही. कुणाचे डोळे लाल नाहीत. धंद्याची शोभा म्हणून आम्ही चालतो, तेवढंच.

त्या चित्रात कापड तुडवणारे आहेत, त्यांची दुसरी गोष्ट चित्रात नाही. हे लोक लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून मुताच्या नि खास मातीच्या पाण्यात पायानं तुडवायचे. मजुरीचा तंटा झाला की पंधराव्या शतकात ते सगळेच्या सगळे शहर सोडून बाहेर जायचे आणि बाहेरून बोलणी करायचे. १४७८ मध्येही ते असेच निघून गेले. आपण ज्याला संप म्हणतो तो त्यांनी पायानं केला. पुढं अनेक फिती एकदम विणणारा साचा आला, तेव्हा फितीवाल्या विणकरांनी दंगा केला आणि १६२९ मध्ये नगरपालिकेला त्या साच्यावर बंदी घालावी लागली. हे मार्क्सनं 'कॅपिटल'मध्ये नोंदवलंय. १६६१ मध्ये काही अटींवर साच्याला परवानगी मिळाली. साचा जिंकला, नेहमीसारखा.

आणि पोरं. सतराव्या शतकात लीएजसारख्या बाहेरच्या भागातून गरिबांची, अनाथांची पोरं या गावात कामाला आणली जायची. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या गिरण्या आल्या तरी पोरं तिथंच होती. लेखक याकोब क्रेमरनं लायडनची गिरणी बघून १८६३ मध्ये गिरणीतल्या पोरांवर लिहिलं आणि गवगवा झाला. १८७४ मध्ये कायदा आला. बारा वर्षांखालच्या पोरांना गिरणीत घ्यायचं नाही. शेतकाम नि घरकाम त्यातून वगळलं. आता गंमत बघा. त्याच १८७४ साली लाकेनहालचं संग्रहालय उघडलं. एकाच वर्षी जुनं कापड काचेत गेलं नि बारा वर्षांखालचं पोर, कागदावर का होईना, गिरणीबाहेर आलं. संग्रहालयाचा वाढदिवस सगळ्यांना ठाऊक. आपल्याकडे १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तेव्हा फक्त सात वर्षांखालच्या पोरांना मनाई होती.

शेवटी मिडलस्टेखराख्त नावाच्या गल्लीत गेलो. तिथं विणकराचं एक छोटं घर राखून ठेवलंय, १५६० च्या सुमाराचं. पुढच्या खोलीत साचा. साच्यानं खोली खाल्लेली. उरलेल्या जागेत संसार. अशी घरं गल्लोगल्ली होती, त्यातलं हे उरलं. दिवसभर जे शोधत होतो ते इथं होतं. लाकेनहालचा दगड या खोलीतून निघालेला आहे.

लायडनमध्ये पिळवणूक होती, पण आपल्यासारखी जात नव्हती. त्या चित्रात कातणारे नि विणणारे एकाच लोकरीला हात लावतात. मुंबईच्या गिरण्यांत तसं नव्हतं. माझा पणजा स्पिनिंगला होता. साळखात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या लोकांना घेत नसत. कारण धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. आमच्या तोंडाचं सूत सवर्ण कामगाराच्या तोंडाला लागलं तर तो बाटत होता. मालकाचा त्याच कामगारानं केलेला अपमान त्याला चालायचा नाही, आमचा चालायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं त्यांनी सांगितलं की ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू. लायडनच्या विणकराला यातला एकच शत्रू होता. म्हणून त्याची गोष्ट वाचून आपली पुरी होत नाही.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या जमिनीवर मॉल नि टॉवर आले. काही धुराडी शोभेला ठेवलीत. उद्या कुणी चकचकीत संग्रहालय उघडेल, त्यात साचा ठेवेल, धोटाही ठेवेल. त्या धोट्याशेजारी, हा कुणाच्या तोंडाला लागू दिला नाही, अशी पाटी असेल का? मला भरवसा नाही.

लायडनच्या घरांच्या भिंतींवर १९९२ पासून शंभरावर कविता रंगवल्यात, कितीतरी भाषांत, कितीतरी लिप्यांत. मला ते आवडलं. भिंत लिहायला मिळाली की माणूस लिहितो. आपल्याला भिंत मिळत नसेल तर हा स्टेन्सिलवरचा अंक आहे. ज्याचा आजा-पणजा गिरणीत होता त्यानं घरी विचारून लिहून काढावं. कुठली गिरणी, कुठलं खातं, कुठली पाळी, पगार किती, पाण्याचं मडकं वेगळं होतं का, साळखात्याच्या दारातून कुणी परत पाठवलं. दोन ओळी असल्या तरी चालतील. शुद्धलेखन बघत बसू नका. म्हातारी माणसं चाललीत, आधी त्यांच्याकडे जा.