चौकट कुठे ठेवायची?

विज्ञानाच्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही मास्तर लोक एक गोष्ट हमखास लिहून देतो. निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, अनुमान. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात, दोन गुण घेतात आणि विषय संपतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. पण ही पद्धत म्हणजे नेमकं काय, हे मला स्वतःला कळलं ते धानाच्या बांधीत. आणि तेही एका पालकाने माझी चूक दाखवल्यावर.

तर झालं असं. १९९६ सालची गोष्ट. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया अजून वेगळा झाला नव्हता (तो झाला १ मे १९९९ रोजी). मी लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात नववीला विज्ञान शिकवत होतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी हवं होतं. थर्माकोलचा ज्वालामुखी दरवर्षी कोणी ना कोणी आणतंच, म्हणून आम्ही ठरवलं, खराखुरा प्रयोग करायचा. गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडला तर धान जास्त होतं का?

वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी दोन बांध्या दिल्या. खालच्या बांधीत पाला टाकला, वरच्या बांधीत नाही. जात एकच, रोवणी एकाच दिवशी. दिवाळीनंतर कापणी झाली, वजन केलं आणि काय सांगू, पाला टाकलेल्या बांधीत भरघोस जास्त! आम्ही तक्ता रंगवला, स्तंभालेख काढला आणि प्रदर्शनात बक्षीस मिळवलं. मुलं खूश, मी त्याहून खूश.

बक्षिसाचे पेढे घेऊन मी त्या मुलाच्या घरी गेलो. वडिलांनी पेढा तोंडात टाकला आणि सहज म्हणाले, "सर, खालच्या बांधीत तं दरसालच जास्त होते जी. पाला टाका, नाहीतं नका टाकू."

पेढा माझ्या घशात अडकला.

खरंच की! वरचं पाणी, वरचा गाळ, सगळं उतरून खालच्या बांधीत येणार. आम्ही मोजलं ते पाल्याचं काम होतं की उताराचं? सांगताच येत नव्हतं. परीक्षकांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नाही. चार वर्ग शिकलेल्या माणसाच्या मात्र एका वाक्यात आलं. त्यांनी खालचीच बांधी का दिली होती, तर ती शाळेच्या वाटेवर होती आणि मुलांना सोयीची होती. एवढंच!

त्या सुट्टीत मी एक जुनं पुस्तक मिळवलं. पानसे आणि सुखात्मे यांचं 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स'. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ते १९५४ साली काढलं. शेतीसंशोधन करणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर शिकल्या. लेखक दोघेही मराठी, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. विनायक गोविंद पानसे यांचं सुरुवातीचं काम इंदूरच्या संस्थेत, मुख्यतः कापसावर.

त्या पुस्तकामागे उभा आहे रोनाल्ड फिशर. हा गणिती १९१९ साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात आला. तिथे १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते आणि आकड्यांचे ढीग पडले होते. फिशरपुढचा प्रश्न अगदी माझ्या बांधीचाच होता. जमीन कुठेच सारखी नसते, मग फरक खताचा की जमिनीचा, हे ओळखायचं कसं? त्याच्या उत्तराचे तीन भाग आहेत. एक, एकाच तुकड्यावर भरवसा ठेवू नका, प्रयोग अनेक तुकड्यांवर करा. दोन, सारख्या जमिनीचे शेजारशेजारचे तुकडे एका गटात घ्या आणि तुलना गटातल्या गटात करा. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्या तुकड्याला काय मिळणार हे तुम्ही ठरवू नका. चिठ्ठ्या टाका. १९३५ साली त्याने प्रयोगांच्या आखणीवरच एक अख्खं पुस्तक लिहिलं.

चिठ्ठ्या! विज्ञानात! मुलांना मी हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "सर, हे तं लॉटरीवानी झालं." झालंच. पण ही लॉटरी आपल्या स्वतःच्या हाताविरुद्ध आहे. आपला हात सोयीकडे जातो, रस्त्याकडे जातो, आपल्याला जे खरं ठरायला हवं असतं तिकडे जातो. तो लबाडच असतो असं नाही. बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच पत्ता नसतो.

पुढच्या खरिपात आम्ही पुन्हा प्रयोग केला. या वेळी एकाच बांधीत उताराप्रमाणे चार गट पाडले, प्रत्येक गटात दोन तुकडे. मध्ये मातीचे छोटे दंड घातले, म्हणजे एका तुकड्याचं पाणी पाल्याचा रस घेऊन दुसऱ्यात जाऊ नये. प्रत्येक गटासाठी मुलांनी नाणं उडवलं. छापा आला तर पाला डाव्या तुकड्यात, काटा आला तर उजव्या.

निकाल? चारपैकी तीन गटांत पाल्याचा तुकडा वरचढ, एकात उलटं. मुलं ओरडली, "जिंकलो!" मी म्हटलं, थांबा. पाल्याचा काहीच उपयोग नाही असं क्षणभर धरा. मग प्रत्येक गटात कोण वरचढ ठरणार, हे नुसतं नाणं उडवण्यासारखंच झालं ना? आता चार नाणी उडवली तर तीन किंवा जास्त छापे किती वेळा येतात? मुलांनी सगळ्या शक्यता फळ्यावर मांडल्या. एकूण सोळा, त्यातल्या पाच. म्हणजे पाला अगदी निरुपयोगी असता तरी असा निकाल सोळात पाच वेळा आपोआप आला असता. वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, अजून सांगता येत नाही."

आमच्या तक्त्यावर तेच लिहिलं. 'अजून सांगता येत नाही. आणखी गट हवेत.' प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, मग निष्कर्ष काय? मुलांनी तेच सांगितलं. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. चुकीच्या प्रयोगाला मिळालं आणि बरोबर प्रयोगाला नाही. असो.

खरी परीक्षा पुढेच होती, आणि ती माझी होती.

ती समजण्यासाठी थोडा इतिहास सांगायला हवा. पीक किती आलं हे सरकार पूर्वी नजरेने ठरवायचं. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. हीच आणेवारी. दशमान नाणी आल्यावर तिची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलती, वर राहिली की काही नाही. २०१६ च्या दुष्काळ संहितेने निकष बदलले, तरी आमच्या गावांतून तो शब्द गेलेला नाही.

नजरेवर विसंबू नका, प्रत्यक्ष कापून मोजा, आणि कुठे कापायचं ते दैवावर सोडा, हे आपल्याकडे नेटाने मांडणारा पहिला माणूस एक सनदी अधिकारी होता, जॉन हबॅक. १९२३ ते १९२५ या काळात त्याने बिहार-ओरिसात धानाचे असे नमुने कापले. म्हणजे आमच्याच पिकाचे! फिशरने पुढे स्वतः मान्य केलं की रोथॅमस्टेडच्या त्याच्या पद्धतींवर हबॅकच्या या कामाचा प्रभाव पडला. मग महायुद्ध आलं, १९४३ चा बंगालचा दुष्काळ आला आणि धान्याचा खरा आकडा हा माणसांच्या जिवाचा प्रश्न झाला. १९४०च्या दशकात मध्यप्रांत-वऱ्हाडात (भंडारा त्याच प्रांतात होता) पानसे आणि कलमकर यांनी कापसाची अशी पाहणी केली, तर सुखात्म्यांनी गहू आणि धानाची पद्धत बसवली.

याच वेळी एक मोठा वाद झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस लहान चौकटी वापरत. सुखात्मे म्हणाले, लहान चौकटीत उत्पन्न फुगतं. मुरादाबाद जिल्ह्यात गव्हावर प्रयोग करून त्यांनी ते दाखवलं आणि १९४६ साली 'नेचर'मध्ये छापलं. महालनोबिसांचं म्हणणं होतं, माणसं नीट शिकवलेली असली तर ही चूक आवरता येते.

फुगतं का, ते आम्ही दोरी घेऊनच पाहिलं. चौकटीच्या काठावर आलेली धानाची चूड (म्हणजे एका ठिकाणी लावलेल्या रोपांचा झुबका) आत धरायची की बाहेर? हात तिला आत ओढतो. समजा प्रत्येक बाजूने फक्त पाच सेंटिमीटर जास्त घेतलं. एक मीटर चौरसाची चौकट १.१ बाय १.१ झाली, म्हणजे २१ टक्के जास्त. पण १० बाय ५ मीटरची चौकट १०.१ बाय ५.१ झाली, म्हणजे जेमतेम ३ टक्के. मुलांनी हे गणित स्वतः केलं. आज धानासाठी साधारणपणे १० बाय ५ मीटरचीच चौकट घेतात. पन्नास चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तिच्यात एक किलो इकडेतिकडे झालं की हेक्टरी दोन क्विंटलचा फरक!

आता त्या दिवसाकडे येतो. त्या वर्षी तुडतुड्याने धान गोल गोल पट्ट्यांत जळालं होतं. पीक कापणी प्रयोगासाठी निघालेलं शेत त्याच मागच्या बाकावरच्या मुलीच्या काकाचं होतं. मी वर्ग घेऊन बघायला गेलो. आलेल्या कर्मचाऱ्याने आकडे काढले, नैर्ऋत्य कोपऱ्यापासून पावलं मोजली आणि खुंटी ठोकली. चौकट आली नेमकी हिरव्यागार, लोंब्या वाकलेल्या जागी. जळालेला पट्टा तिच्या शेजारीच.

काका म्हणाले, "साहेब, पाच-सहा पावलं इकडं सरकवा ना." त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. अर्धं पीक खरंच गेलं होतं. कर्मचारीही भला माणूस, तो खुंटी उपटायला वाकला. तेवढ्यात ती मुलगी बोलली, "मंग आकडे काऊन काढले जी?"

सगळे गप्प. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हे कोणी शिकवलं ते त्यांना बरोबर कळलं. खुंटी तिथेच राहिली.

त्या वर्षी आमच्या गावाची पैसेवारी पन्नासच्या वर गेली. एका चौकटीने काही ती ठरत नाही, अनेक शेतांतल्या चौकटी असतात, कुठली जळालेल्या जागी पडते तर कुठली हिरव्या, आणि म्हणूनच सरासरी खऱ्याच्या जवळ जाते. हे मला माहीत होतं. काकांना पटवता मात्र आलं नाही. वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. आणि खरं सांगू? कित्येक रात्री मलाही वाटायचं की मी काय शिकवून बसलो. मुलीच्या घरातला घास आणि माझी चिठ्ठ्यांची पद्धत, यात वजन कशाला?

आज माझं उत्तर असं आहे. ज्या दिवशी खुंटी आपल्यासाठी सरकते, त्या दिवसापासून ती सरकणारी वस्तू होते. मग ती कोणाच्या बाजूला सरकणार, ते शेवटी ज्याचा हात जड तो ठरवतो. आणि हलक्या हाताच्या माणसाचा हात जड कधी होणार?

हे मला त्या वेळी इतकं स्पष्ट मांडता आलं नसतं. पुढे २०१६ पासून पंतप्रधान पीक विमा योजना आली. आता चौकटीतलं वजन उंबरठा उत्पन्नाशी ताडून भरपाई ठरू लागली, आणि शेतकऱ्याच्या समोर दुसरी बाजूही उभी राहू लागली. मी तोवर दुसऱ्या गावी बदलून गेलो होतो. एकदा जुन्या गावी गेलो तर काका चौकात भेटले. आता बोलतात. म्हणाले, "यंदा आमच्या इकडं कापणी झाली. एक जण म्हणे, इथं चांगलं दिसते, इथं घ्या. मी म्हटलं, आधी आकडे दाखवा." एवढंच सांगून ते चहा सांगायला उठले.

मी अजूनही वहीच्या पहिल्या पानावर त्या पाच पायऱ्या लिहून देतो. अभ्यासक्रमात आहेत, द्याव्याच लागतात. पण गृहीतक आणि प्रयोग यांच्यामध्ये एक ओळ जागा सोडायला सांगतो आणि तिथे लिहायला लावतो : 'कुठे मोजायचं ते पीक बघण्याआधी ठरवायचं.'

तुमच्या गावात धानाची कापणी होते तेव्हा एकदा हा प्रयोग बघायला जा. जमलं तर घरातल्या शाळकरी पोरालाही सोबत न्या. दोरी धरायला माणूस लागतोच.