बालानगरचा कारखाना आणि उस्मानियाची औषधखिडकी

हैदराबादेत मोठ्या हॉस्पिटललाही ‘दवाखाना’च म्हणतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला ‘उस्मानिया दवाखाना’ म्हटलं की तो एखादं दोन खोल्यांचं क्लिनिक डोळ्यांपुढे आणतो. 1956 पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, त्यामुळे अफझलगंजचा हा दवाखाना तिकडच्या लोकांचाही होता. राज्यं बदलली, तरी नांदेडकडचे रुग्ण गाडी पकडून इकडे येतच राहिले. इमारतीवर आपल्या मंडळींनी बरंच लिहिलंय. औषधं मिळतात त्या खिडकीवर मात्र कोणी लिहीत नाही. खिडकीवरचा माणूस ‘बाहेरून आणा’ म्हणतो तेव्हा त्यामागे साठ वर्षांचा हिशोब असतो, तो मांडून पाहतो.

स्वातंत्र्यानंतर औषधं महाग होती, आणि ती विदेशी कंपन्यांच्या हातात होती. 1959 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये केफॉव्हर यांच्या समितीने औषधांच्या किमतींची चौकशी सुरू केली. भारतातल्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत, असं त्या चौकशीतून पुढे आलं. गरीब देशात महाग औषध, याचा अर्थ सरकारी इस्पितळाला त्याच पैशात कमी औषध. याला दिल्लीने दोन बाजूंनी उत्तर दिलं. एक, स्वतः बनवायचं. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्येच उभी राहिली होती. 1961 मध्ये सोव्हिएत मदतीने आयडीपीएल निघाली आणि तिचा कृत्रिम औषधांचा कारखाना आपल्या बालानगरला आला. सल्फा गटातली औषधं, अ‍ॅनाल्जिन, जीवनसत्त्व बी-1 असा माल तिथे मूळ रसायनापासून तयार होई. दोन, किमती बांधायच्या. चीन युद्धानंतर 1963 मध्ये त्या गोठवल्या गेल्या, आणि 1970 मध्ये रीतसर औषध किंमत नियंत्रण आदेश आला.

1970 च्याच पेटंट कायद्याने, जो एप्रिल 1972 पासून लागू झाला, औषधाच्या वस्तूवर पेटंट राहिलं नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर राहिलं. मग आयडीपीएलमध्ये हात बसलेले रसायनतज्ज्ञ बाहेर पडून स्वतःचे कारखाने काढू लागले. डॉ. अंजी रेड्डी त्यांतलेच. जीडीमेटला, बोल्लारम, पाटणचेरू हा सगळा पट्टा असा वाढला. (पाटणचेरूच्या विहिरींचं पाणी खराब झालं, तो खर्च औषधाच्या किमतीत कधीच धरला गेला नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आता महागाईचं कोडं. 1973 मध्ये तेल भडकलं आणि 1974-75 मध्ये घाऊक किमतींची वाढ 25 टक्क्यांच्या आसपास गेली. औषधाच्या कारखान्यात सॉल्व्हंट, वाफ, वीज हे सगळं इंधनाशी बांधलेलं. ज्याने रिअ‍ॅक्टरजवळ एक पाळी काढलीय त्याला हे सांगावं लागत नाही. खर्च वाढतो आणि किंमत बांधलेली, मग कारखानदार काय करणार? बांधलेलं औषध कमी बनवतो, न बांधलेलं जास्त. हाथी समितीने 1975 मध्ये 117 अत्यावश्यक औषधांची यादी दिली. 1979 च्या आदेशात 347 मूळ औषधं नियंत्रणाखाली होती, 1987 मध्ये 142 आणि 1995 मध्ये 74 राहिली. यादी आखडली त्याच काळात बालानगर आजारी पडलं. 1992 मध्ये आयडीपीएल अधिकृतपणे आजारी उद्योग ठरली आणि 1996 च्या सुमारास उत्पादन थांबलं. तोट्याला कामगार जबाबदार, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ज्याची विक्रीची किंमतही सरकार ठरवतं आणि मोठं गिऱ्हाईकही सरकारच, त्याचा ताळेबंद एकट्या कामगाराने बिघडत नाही.

राज्यांनी तोवर दुसरी वाट धरली होती. तमिळनाडूने 1994 मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. सगळ्या राज्याची मागणी एकत्र करायची, टेंडर काढून थेट उत्पादकाकडून जेनेरिक घ्यायचं, जिल्ह्याच्या गोदामात ठेवायचं आणि प्रत्येक इस्पितळाला पासबुक द्यायचं. राजस्थानने 2011 मध्ये त्याच धर्तीवर मोफत औषधं सुरू केली. घाऊक खरेदीत भाव इतका उतरतो की दुकानातली छापील किंमत त्याच्या कितीतरी पट भरते. यंत्रणा म्हणून हे उत्तमच. पण पासबुकात रुपये असतात, गोळ्या नसतात. भाव 12 टक्के वाढले आणि तरतूद 6 टक्के, तर 100 गोळ्यांच्या जागी साधारण 95 येतात. आरोग्यखात्यात पगार कापता येत नाही, म्हणून ताण येतो तो औषधांवर.

खरा घाव मात्र याहून मोठा असतो. टेंडरचा दर ठरलेला असतो. मधेच कच्चा माल महागला की पुरवठादार हात आखडता घेतो. तोट्यात माल देण्यापेक्षा दंड परवडतो. कच्चा माल बालानगरात बनत होता तेव्हाची गोष्ट निराळी, आता त्यातला बराच चीनमधून येतो. 2020 मध्ये तिकडचे कारखाने थांबताच पॅरासिटामॉलचं मूळ रसायन कसं महागलं, ते आपण पाहिलंय. माल आला नाही की इस्पितळ स्थानिक खरेदी करतं. समजा 100 रुपयांत 100 गोळ्या येत होत्या. त्यातल्या 90 आल्या आणि उरलेल्या 10 रुपयांत बाजारातून चार रुपयांनी घ्यायच्या, तर दहाच्या जागी अडीच येतात.

बाजारातला भावही स्थिर नाही. 2013 पासून यादीतल्या औषधांची कमाल किंमत उत्पादनखर्चावरून ठरत नाही, बाजारातल्या ब्रँडच्या सरासरीवरून ठरते आणि दर एप्रिलला घाऊक किमतींच्या निर्देशांकाप्रमाणे बदलते. 2022 मध्ये 10.77 टक्के आणि 2023 मध्ये 12.12 टक्के वाढीला मुभा मिळाली. दोन्ही मिळून 24 टक्के. या निर्देशांकात डिझेल आहे, पोलाद आहे, कापड आहे.

ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बालकं. औषधं नव्हती असा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला. महाराष्ट्रात त्याच वर्षी औषधखरेदी हाफकिनकडून काढून नव्या प्राधिकरणाकडे देण्याचं काम चालू होतं. नांदेडहून इकडे येणारी गाडी तेव्हाही भरलेली असायची, आजही असते.