रोडगे म्हणजे काय? गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर अख्ख्या पंगतीचं जेवण कसं होतं?

शेताच्या कडेला गोवऱ्यांचा ढीग धुमसतोय. बाजूला मोठ्या गंजात तुरीचं वरण रटरटतंय. ताडपत्रीवर कणकेचे शंभरेक गोळे ओळीनं मांडून ठेवलेत. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, मुकुटबन-वणी-पांढरकवडा या पट्ट्यात हिवाळ्यात असं दृश्य दिसलं की समजायचं, आज रोडग्यांचा बेत आहे.

ना तवा, ना लाटणं-पोळपाटाची मोठी पंगत, ना ओव्हन. तरीही शंभर माणसांना पुरेल इतकी 'भाकरी' इथे एकाच वेळी भाजून निघते. रोडगा हा विदर्भातला सणावाराचा आणि नवसाचा पदार्थ. तो कसा बनतो, त्याचा आकार असाच का आणि गोवऱ्या मिळेनाशा झाल्यावर त्याचं काय होतंय, ते समजून घेऊया.

रोडगा म्हणजे नेमकं काय?

रोडगा म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचा, आतून पदर असलेला आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला गोळा. आकारानं तो साधारण मध्यम कांद्याएवढा किंवा थोडा मोठा असतो. भाजल्यावर वरून टणक, तपकिरी, कुठे कुठे काळसर डाग पडलेला आणि आतून मऊ, भुसभुशीत.

विदर्भात यासोबत 'पानगे' हा शब्दही ऐकू येतो. बऱ्याच ठिकाणी गोल असतो तो रोडगा आणि चपटा असतो तो पानगा, असा फरक करतात. काही गावांत दोन्ही शब्द एकाच पदार्थासाठी वापरले जातात. कोकणातला पानगा मात्र वेगळा. तो पानात गुंडाळून भाजतात.

रोडग्याचे नातेवाईक बरेच आहेत. खानदेशात बट्टी आहे, पण तिथे ती उकडून, कापून, मग तळतात. राजस्थानात बाटी, माळव्यात आधी उकळून मग भाजलेला बाफला, बिहारमध्ये सातूचं सारण भरलेली लिट्टी. कणकेचा गोळा विस्तवात भाजायचा, ही मूळ कल्पना या सगळ्यांत एकच.

रोडग्यांचा बेत कधी असतो?

रोडगा हा रोजच्या जेवणातला पदार्थ नाही. मारुतीला, खंडोबाला किंवा शेतातल्या देवाला नैवेद्य, फेडलेला नवस, गावजेवण, सुट्टीत जमलेलं कुटुंब, शेतातली पार्टी अशी काहीतरी निमित्तं लागतात.

महाराष्ट्राच्या इतर भागांतही रोडग्याचं देवाशी नातं आहे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवतात. तिथला रोडगा बहुतेकदा बाजरीचा असतो. चातुर्मासात अनेक घरांत वांगी खात नाहीत. ती पुन्हा ताटात येतात ती याच दिवशी. संत एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडात सासरच्या जाचाला कंटाळलेली सून भवानीआईला रोडग्याचाच नवस बोलते. म्हणजे नवसाला रोडगा वाहण्याची रीत किमान सोळाव्या शतकापासून लोकांच्या ओळखीची आहे.

हिवाळ्यात हा बेत जास्त रंगतो, त्याला शेतीचंही कारण आहे. यवतमाळ हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा जिल्हा. डिसेंबर-जानेवारीत तूर निघायला लागते, वांग्यांचा हंगाम असतो आणि कापूस वेचून झालेल्या शेतात जाळायला पऱ्हाटी असते. ताटातलं वरण आणि भाजी दोन्ही आसपासच्या शेतातून येतं.

हा आकारच का?

जगभरात सणाच्या पावाला खास आकार देतात. स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला सेंट लुसियाच्या दिवशी केशराचे पीळदार पाव करतात. मेक्सिकोत ६ जानेवारीला कड्याच्या आकाराचा पाव करतात आणि त्यात बाळाची छोटी मूर्ती लपवतात. ज्याच्या वाट्याला ती येते, त्यानं २ फेब्रुवारीला सगळ्यांना खाऊ घालायचं. या आकारांमागे श्रद्धा किंवा कथा असते.

रोडग्याच्या आकारामागे मात्र मुख्यतः सोय आहे. पोळी करायची तर एका वेळी तव्यावर एकच होते आणि प्रत्येक पोळीपाशी कोणीतरी उभं राहावं लागतं. शंभर माणसांना तीन-तीन पोळ्या म्हणजे तीनशे वेळा लाटणं, भाजणं. गोळा मात्र निखाऱ्यावर ठेवला की अधूनमधून फिरवला तरी पुरतो. एका ढिगावर शंभर-दीडशे रोडगे एकदम भाजता येतात. शिवाय जाड कवचामुळे तो लवकर गार होत नाही. शेवटच्या पंगतीलाही गरम मिळतो.

अडचण एकच. गोळा जाड असल्यामुळे मध्यभागी कच्चा राहू शकतो. त्यावरचा उपाय म्हणजे पदर. कणकेच्या तीन-चार छोट्या पुऱ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून एकावर एक ठेवतात. मग हा थर मोठ्या पारीत घालून मोदकासारखं तोंड बंद करतात आणि गोळा वळतात. तेलामुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत. भाजताना आतल्या पाण्याची वाफ होते, ती पदरांमध्ये शिरते आणि गोळा आतून सुटा होतो. चांगला रोडगा फोडला की आत कांद्यासारख्या पाकळ्या दिसतात.

कणीक कशी हवी?

रोडग्याला पोळीची मऊ, बारीक कणीक चालत नाही. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातल्या प्रथिनांपासून ग्लुटेन तयार होतं. पोळीला ही लवचिक जाळी हवी असते. जाड गोळ्यात ती जास्त झाली तर रोडगा चिवट होतो. जाडसर दळणात ग्लुटेन कमी तयार होतं. तेलाचं मोहनही ते आटोक्यात ठेवतं. म्हणून गिरणीत 'रोडग्याचं दळण' असं सांगूनच गहू दळून आणतात.

एक किलो कणकेचं साधारण प्रमाण असं:

• जाडसर गव्हाची कणीक: १ किलो (जाड दळण नसेल तर ८०० ग्रॅम कणीक आणि २०० ग्रॅम रवा)
• मोहनासाठी तेल: १०० ग्रॅम
• मीठ: चवीनुसार, साधारण २ छोटे चमचे
• ओवा: १ ते २ छोटे चमचे, हातावर चोळून
• खाण्याचा सोडा: पाव चमचा, हवा असल्यास
• पाणी: ४५० ते ५०० मिलीलिटर, लागेल तसं
• पदरांना लावायला वेगळं तेल

कणीक घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची. जाड दळणाला पाणी शोषायला हा वेळ लागतोच. एवढ्यात साधारण ९० ग्रॅमचे १७-१८ रोडगे होतात. माणशी दोन ते तीन धरले, तर ५० जणांच्या पंगतीला ६ ते ८ किलो कणीक पुरते.

गोवऱ्यांची आच कशी लावतात?

रोडगे बिघडतात ते बहुतेक वेळा घाईमुळे. पेटत्या जाळावर रोडगा ठेवला की वरून करपतो आणि आत पीठच राहतं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

१. पऱ्हाटी किंवा तुराट्यांवर गोवऱ्या रचून ढीग पेटवतात. गोवऱ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. ओलसर गोवरी नुसती धुरते आणि तो वास रोडग्याला लागतो.

२. ज्वाळा विझून धूर थांबेपर्यंत वाट पाहतात. गोवऱ्या आतून लाल आणि वरून राखाडी दिसू लागल्या की निखारा पसरतात.

३. रोडगे निखाऱ्यावर ठेवून सगळ्या बाजूंनी फिरवतात. वर कडक पापुद्रा धरेपर्यंत हात थांबवायचा नाही.

४. पापुद्रा धरला की गरम राख आणि बारीक निखारा वर ओढून रोडगे झाकतात. आकार आणि आच पाहून अर्धा-पाऊण तास लागतो.

५. बाहेर काढून जाड, स्वच्छ कापडात धरून राख झटकतात, पुसतात, हातानं फोडतात आणि तुपात बुडवतात.

गोवरीच का? ती लाकडासारखी भडकत नाही, सावकाश धुमसते. तिची राख निखाऱ्यावर पांघरुणासारखी बसते आणि उष्णता धरून ठेवते. रोडगा झाकला की त्याच्या सगळ्या बाजूंनी सारखी आच लागते. ओव्हन जे काम करतो, तेच काम राखेचा हा थर करतो.

रोडगा भाजला की नाही, हे कसं ओळखायचं?

गोळ्याच्या आत पाणी आहे तोवर मध्यभागाचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. वरचा भाग मात्र कोरडा होऊन त्याहून खूप तापतो आणि तपकिरी होतो. त्यामुळे नुसत्या रंगावर विश्वास ठेवला की फसगत होते. भाजलेला रोडगा हातात हलका लागतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि दाबला तर आतून दबून सुटतो. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे ढिगाच्या मधला आणि कडेचा असे दोन रोडगे फोडून पाहणं. मधे ओलसर, चिकट गोळा दिसला, तर बाकीचे आणखी दहा मिनिटं राखेत राहू द्यायचे.

सोबत काय असतं?

तुरीचं घट्ट वरण, वांग्याची झणझणीत भाजी, मिरचीचा ठेचा, कांदा आणि भरपूर तूप. रोडगा वरणात कुस्करून खातात. पूर्वी पळसाच्या पानांच्या पत्रावळीवरच पंगत बसायची. काही ठिकाणी आजही बसते. उरलेल्या रोडग्यांचा चुरा करून त्यात गूळ आणि तूप घातलं की गोड पदार्थही तयार होतो.

गोवऱ्या कमी झाल्या, मग काय बदललं?

रोडग्याचं सगळं गणित गोवरीवर उभं आहे आणि गोवरी जनावरांवर. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५५ लाख गायी-बैल होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे १ कोटी ४० लाखांवर आले. नांगरणीचं काम ट्रॅक्टर करू लागला की बैलजोडी जाते. गॅस आला की गोवऱ्या थापण्याचं कष्टाचं काम थांबतं. ते थांबलं हे बरंच झालं, कारण ते बहुतांश बायकांच्याच वाट्याला होतं आणि बंद स्वयंपाकघरातला शेणाचा धूर फुप्फुसांना घातक असतो.

पण सणाच्या रोडग्यांवर त्याचा एक वेगळा परिणाम होतो. उघड्यावरच्या रोडग्यांत निखारा सांभाळणं, रोडगे फिरवणं, काढणं हे काम बहुतेक ठिकाणी पुरुष करतात. म्हणजे वर्षातले हे मोजके दिवस असे, की जेवणाचा मोठा भार घरच्या चुलीवरून अंगणात किंवा शेतात जातो. तोच बेत घरातल्या ओव्हनमध्ये आला की एका वेळी दहा-बाराच रोडगे होतात, घाण्यावर घाणे काढावे लागतात आणि काम पुन्हा स्वयंपाकघरात, बाईच्या हाती जातं. रोडगा तोच राहतो, पण कामाची वाटणी बदलते. त्यामुळे घरी बेत करायचा असेल तर वळणं, भाजणं, पुसणं ही कामं आधीच वाटून घेतलेली बरी.

गोवऱ्या नसतील तर रोडगे कसे करायचे?

शहरात राहणाऱ्यांसाठी ओव्हन हा जवळचा पर्याय आहे. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवायचा. रोडग्यांना वरून तेल लावून ४० ते ४५ मिनिटं भाजायचं आणि मधे एकदा उलटायचं. शेवटची पाच मिनिटं २०० अंश ठेवले की कवच खरपूस होतं. मोठी पंगत असेल तर रोडगे आधी १५ मिनिटं वाफवून घेतले की आतून शिजण्याची काळजी मिटते आणि ओव्हनमधला वेळही वाचतो. मात्र वाफवल्यानं पदर थोडे कमी सुटतात. गॅस तंदूरमध्येही रोडगे होतात, पण आच मंद ठेवून ते सतत फिरवावे लागतात.

आणि शेतातच बेत असेल तर?

जागा मोकळी आणि घराच्या, गंजीच्या, वाळल्या गवताच्या दूर निवडा. वाऱ्याच्या दिवशी ढीग पेटवू नका. रंग लावलेलं लाकूड, प्लायवूड किंवा प्लास्टिक जाळात घालू नका, कारण त्याचा विषारी धूर थेट अन्नाला लागतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जेवण आटोपल्यावर राख गार दिसली तरी तिच्यावर पाणी ओतून, काडीनं उकरून पुन्हा पाणी ओता. जी राख रोडगे तासभर गरम ठेवते, तिच्याच पोटात निखाराही तासन्‌तास जिवंत राहतो. कापसाच्या आणि जंगलाच्या या भागात तेवढी खबरदारी घेतल्याशिवाय पंगत उठली असं म्हणू नये.